घरातली गोष्ट

इथे लंडनमध्ये हिवाळ्यात चार वाजताच काळोख पडतो. हॅरोच्या रस्त्यावरून डबलडेकर जाते तेव्हा वरच्या मजल्यावर शाळेच्या गणवेशातली मुलं दिसतात, माना खाली, चेहऱ्यावर फोनचा उजेड. गेल्या सप्टेंबरपासून त्यांतला एक चेहरा माझ्या मुलीचा आहे. अकराव्या वर्षी इथलं मूल मोठ्या शाळेत जातं, एकटं बसने फिरू लागतं आणि त्याच आठवड्यात त्याच्या हातात फोन येतो. आम्हीही दिला. पोचलीस की कळव, एवढ्याचसाठी दिला.

डिसेंबरात तिचा डबा तसाच परत यायला लागला. आधी वाटलं, थालीपीठाचा वास येतो म्हणून मैत्रिणी नाक मुरडत असतील. मी सँडविच देऊन पाहिलं. तेही परत. एका रात्री ती झोपल्यावर तिचा फोन उघडला आणि पलंगाच्या कडेला बसूनच राहिले. एकामागून एक व्हिडिओ: दिवसभरात किती कमी खाल्लं ते सांगणाऱ्या मुली, पोट आत ओढून आरशासमोर उभ्या राहिलेल्या मुली. तिने कधीतरी एक पाहिला असेल, पुढचे आपोआप येत राहिले. हे व्हिडिओ दाखवणाऱ्या अ‍ॅपवर तेरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही. तिने जन्मवर्ष खोटं टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत डॉलिस हिलला आमच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकू होतं. १९३२ साली स्थापन झालेल्या या मंडळात मी गेली चौदा वर्षं मनातलं सगळं बोलत आले आहे. मुलांच्या फोनचा विषय निघाला, तशी एक वडीलधारी मावशी म्हणाली, "आईबापांचं लक्ष नको का गं? घरचं वळण असलं की काही होत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. तिळगूळ हातात घेऊन बाहेर आले आणि मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत रडू आवरेना. वळणाबद्दल माझंही आयुष्यभर तेच मत होतं.

मॉली रसेल याच हॅरोची. २०१७च्या नोव्हेंबरात तिचा मृत्यू झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिच्या घरी लक्ष नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेमळ आईबाप, बहिणी, सगळं होतं. तिचे वडील इयन रसेल यांना तिच्या फोनवर तिला काय काय दाखवलं जात होतं ते कळायला जवळजवळ पाच वर्षं झगडावं लागलं, कारण माहिती कंपन्यांच्या ताब्यात होती. कॉरोनर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, हा शब्द जुन्या मुंबईकरांना आठवेल. उत्तर लंडनच्या कॉरोनर कोर्टात २०२२च्या सप्टेंबरात चौकशी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर लाइक, शेअर किंवा सेव्ह केलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा किंवा आत्महत्या यांच्याशी संबंधित होत्या. पिंटरेस्टने तर तिला नैराश्याची चित्रं सुचवणारे ईमेल पाठवले होते. तो मजकूर पाहिल्यावर आपल्याला काही आठवडे नीट झोप लागली नाही, असं बालमानसोपचारतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं. कॉरोनरने निष्कर्षात स्पष्ट नोंदवलं, की नैराश्य आणि या ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणाम सोसत असताना स्वतःला इजा करून घेतल्याने तिचा मृत्यू झाला.

मी त्या वडिलांचा विचार करते तेव्हा एक गोष्ट मला फार मोठी वाटते. त्यांनी घरातलं सगळ्यात खोल दुःख भर कोर्टात उघडं केलं. आपल्याकडे अशा वेळी दार लावून घेतात. नातेवाइकांना वेगळंच कारण सांगतात. त्यांनी दार उघडलं, मुलीच्या नावाने संस्था काढली आणि तिच्यासारखीच मुलं गमावलेल्या आईबापांबरोबर ते वर्षानुवर्षं वेस्टमिन्स्टरच्या पायऱ्या चढत राहिले. ऑनलाइन धोक्यांबद्दलची सरकारची श्वेतपत्रिका २०१९च्या एप्रिलमध्ये आली, थेरेसा मे यांच्या काळात. विधेयक मांडलं गेलं जॉन्सन यांच्या काळात, रखडलं, ट्रस आल्या आणि गेल्या, आणि २६ ऑक्टोबर २०२३ला सुनक पंतप्रधान असताना ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट झाला. चार पंतप्रधान! दर नव्या मंत्र्यापुढे या माणसांनी आपल्या मुलाचं मरण पहिल्यापासून सांगितलं.

कायद्याने काय होतं, असं मंडळातही विचारतात. होतं. बीबन किड्रन या मूळच्या चित्रपट दिग्दर्शिका, आता हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य. त्यांच्या चिकाटीमुळे मुलांच्या माहितीच्या वापराबद्दल एक संहिता आली आणि २ सप्टेंबर २०२१पासून पुरती लागू झाली. ती तारीख तोंडावर असताना, ऑगस्टमध्येच, यूट्यूबने अठरा वर्षांखालच्यांसाठी एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद ठेवायचं ठरवलं आणि टिकटॉकने मुलांना रात्री सूचना पाठवणं थांबवायचं. म्हणजे यंत्र बदलता येत होतं. सांगणारं कुणी लागत होतं. माझ्या घरच्या वळणाने ते कधी झालं असतं?

नव्या कायद्यात मुलांपर्यंत पोचताच कामा नयेत अशा गोष्टींत अश्लील चित्रण आहे, आत्महत्या आणि स्वतःला इजा करण्याला उत्तेजन आहे आणि खाण्याच्या विकारांना उत्तेजन देणारा मजकूरही आहे. हे कलम मी तीनदा वाचलं. मुलांसाठीचे हे नियम २५ जुलै २०२५पासून लागू आहेत. मोडले तर ऑफकॉम ही नियामक संस्था १ कोटी ८० लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या १० टक्के, यांत जे जास्त असेल तितका दंड करू शकते. तरीही डिसेंबरात माझ्या मुलीसमोर ते व्हिडिओ येत होते.

पुढे काय करावं यावर मुलं गमावलेल्या या आईबापांचंही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं बंद केलं. मुलगी गमावलेल्या एस्थर घे यांना तशी बंदी इथेही हवी आहे. इयन रसेल सरसकट बंदीच्या विरोधात आहेत. आहे तो कायदा कडक करा आणि धीटपणे राबवा, असं त्यांचं म्हणणं. मला रसेल यांचं पटतं. खोटं जन्मवर्ष अकरालाही टाकता येतं आणि पंधरालाही, त्यामुळे दारावर कोण उभं आहे हे कंपनीने तपासलंच पाहिजे आणि दाराच्या आत काय वाढून ठेवलंय याचा जाबही तिलाच विचारला पाहिजे.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, पण राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून मला इथे मत आहे. इथे खासदार मतदारांना भेटतात त्याला 'सर्जरी' म्हणतात. फेब्रुवारीत मी वेळ मागितली. वाचनालयाच्या मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घराच्या ओलीची तक्रार घेऊन आलेले एक आजोबा माझ्यापुढे. मला दहा मिनिटं मिळाली. कागदावर सगळं लिहून नेलं होतं, तरी "ती जेवेनाशी झाली" हे वाक्य इंग्रजीत उच्चारताना आवाज फुटला. हे मी घराबाहेर पहिल्यांदाच बोलत होते. समोरच्या खासदारांनी घाई केली नाही. मंत्र्यांना पत्र लिहू म्हणाले, आणि त्यात तुमच्या घरचा अनुभव घालू का, असं विचारलं. मी म्हटलं, आधी मुलीला विचारते.

ती आता डॉक्टरांकडे जाते. डबा कधी अर्धा परत येतो, कधी रिकामा. त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं: रसेल, कोर्ट, कायदा, वाचनालयातली खोली. ती वरणभात कालवत बराच वेळ गप्प होती.

"आई, माझं नाव नको लिहूस," ती म्हणाली. "बाकी सगळं लिही."