तिथीची पाऊणपट

घनसावंगी तालुक्यात गोदेच्या काठी आमचं गाव. नदी दारात आहे, पण तिला पाणी कधी येणार हे दुसऱ्याला विचारावं लागतं. जायकवाडीत किती टक्के झालं? आवर्तन कधी सुटणार? जोगलादेवी बंधाऱ्यात किती उरलंय? 2012-13च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली. वडिलांनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं स्वतःच तोडली, आणि पुढचे दोन महिने चुलीत मोसंबीचंच सरपण जळत होतं. ‘कोकणातलं पाणी समुद्रात वाया जातं’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या तोंडी बसलं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ठरवलं, ते वाया जाणारं पाणी एकदा डोळ्यांनी बघून यायचं.

जालन्याहून मुंबई, मुंबईहून रात्रीची कोकण रेल्वे. चिपळूणला उतरलो तेव्हा उजाडायचं होतं. वाशिष्ठीच्या पुलावर रिक्षा थांबवली आणि बघतच राहिलो. आमच्याकडे या दिवसांत नदीच्या पात्रातून बैलगाडी जाते. इथं नदी वाहत होती.

हे पाणी मुळात वाशिष्ठीचं नाही. कोयना ही पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळणारी नदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरवतात, त्यावर वीज होते आणि मग ते अवजल वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला 67.5 टीएमसी. जायकवाडीचा सगळा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक आख्खं जायकवाडी दरवर्षी या वाटेनं खाडीत जातं. त्या विजेचा वाटा आमच्या विहिरीवरच्या पंपालाही मिळतो हे मला कळतं. तरी पुलाच्या कठड्यावर हात ठेवून उभा असताना डोळ्यांपुढे ती तोडलेली बागच आली.

एसटीनं शृंगारतळीमार्गे धोपाव्याला पोचलो तेव्हा नऊ वाजत होते. समोर दाभोळची खाडी होती आणि मधे चिखल. ओहोटी पुरी लागली होती. होड्या कुशीवर कलंडल्या होत्या, कांदळवनाची मुळं उघडी पडली होती, आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून बायका खडकांवरची कालवं फोडत होत्या. कोयतीचा एक घाव, शिंपला उघडा, कालव डब्यात. त्या लयीत खंड पडत नव्हता. एकीला विचारलं, “मावशी, पाणी कधी येतं हो?”

“आज चतुर्थी ना? तीनला भरती.”

“घड्याळ न बघता कसं सांगता?”

“तिथीची पाऊणपट करायची, दादा. चार तिथी म्हणजे तीन. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.”

बोलताना तिचा हात थांबला नाही. मी मात्र खडकावर बसलो. माझ्या घरी संकष्टीच्या दिवशी पंचांगात बघतात ती चंद्रोदयाची वेळ. इथं त्याच तिथीवर मजुरी, जेवण, झोप सगळं बांधलेलं. पाणी येणार की नाही हा प्रश्नच या बाईला आयुष्यात पडलेला नाही. मला तिचा हेवा वाटला, हे लपवत नाही.

फेरीबोटीत मोटारी, दुचाक्या, शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या असं सगळं एकत्र चढतं. 2003पासून ही बोट चालते. ती नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या दाभोळला मोटार न्यायची तर चिपळूण, खेड, दापोली असा मोठा वळसा होता. पलीकडे उतरलं की काठावरच काळ्या दगडाची जुनी मशीद दिसते. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी जुन्नर, बिदर फिरून परतीच्या प्रवासाला याच बंदरातून निघाला. अरबस्तानातले घोडे इथं उतरत. 1508च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आता बाजार लहान आहे, पण मासळीचा वास आणि गलबला बंदराचाच.

तीन वाजता पाणी खरंच आलं. कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या. सकाळी रिकामा असलेला धक्का भरला. पोरं वरून धडाधड उड्या मारू लागली, पुण्या-मुंबईचे पाहुणे खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दिसतात का बघायला होडीत बसले, दोन म्हातारे गळ टाकून निवांत झाले. त्यांतल्या एकाशी बोलणं निघालं. ते भोई. आमच्या गोदाकाठीही भोयांची घरं आहेत, हे ऐकून त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मी मनातलं बोलून टाकलं, “एवढं गोडं पाणी वाया जातं, बघवत नाही.”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “वाया कुठं जातं? गोडं नि खारं मिळतं म्हणून तर ही खाडी. कोळंबीची पिल्लं समुद्रातून इथं येतात वाढायला. बोय, तांबोशी, चिंबोऱ्या, सगळ्यांना हेच पाणी लागतं.” मग वरच्या अंगाला बोट करून म्हणाले, “वाया घालवतं ते तिकडचं पाणी.” लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं सांडपाणी खाडीत येतं, मासळी मरून वर तरंगते, ही इथल्या मच्छीमारांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. आमच्या गोदेचं पात्र वाळूच्या हायवांनी खरवडलं. त्यांच्या खाडीत विष आलं. दोन्हीकडे भोयांचं जाळं हलकं झालं.

पश्चिमेचं पाणी मराठवाड्याला मिळावं, ही मागणी मी सोडलेली नाही. तहान खरी आहे, आणि पावसाळ्यात या नद्यांना नको इतकं पाणी येतं, हे 22 जुलै 2021च्या पुरात चिपळूणनं भोगलं आहे. पण ‘वाया जातं’ हा शब्द मी दाभोळच्या धक्क्यावर ठेवून आलो. पाणी मागायचं तर या माणसांच्या शेजारी बसून, त्यांना किती लागतं हे विचारून मागायला हवं.

जालन्याहून कोणी जाणार असाल तर तिथी बघून जा. तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. कालवं काढणाऱ्या बायका तेव्हाच भेटतात. दुपारी त्या घरी असतात आणि तिथं पाणी असतं.