हिरव्याला दोन वाटे

हे मला आधी कुणी का नाही सांगितलं! वर्षानुवर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करतेय, दिवसभर डेटा वाचायचा, निवडायचा, पुढे पाठवायचा, आणि कॅमेरा नेमकं हेच करतो हे मला आत्ता कळतंय. तेही इथे कुरुदमध्ये, भिलाईच्या या टोकाला, सेकंडहँड कॅमेरा मांडीवर घेऊन बसल्यावर!

सेन्सरचंच बघा. त्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो. लालाला एक वाटा, निळ्याला एक, आणि हिरव्याला दोन, कारण आपला डोळा उजेडाचे बारकावे हिरव्यातच सगळ्यात जास्त ओळखतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, पेटंट १९७६चं. म्हणजे फोटोतले दोन-तृतीयांश रंग टिपलेलेच नसतात, शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरलेले असतात! हे वाचलं त्या रात्री झोप लागेना. आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा! जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. काळाकुट्ट वाटणारा कोपरा एडिटिंगमध्ये जरा उजळला, तर तिथे घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवर लुगडं वाळत घातलेलं, लुगड्याला काठसुद्धा!

पण खरं वेड लागलं ते तळ्यावर. कोळी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्याने अंग वळवून जाळं फेकलं आणि मी सेकंदाच्या हजाराव्या भागात ते पकडलं. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर जाळ्याच्या कडेची शिशाची एकेक गोळी हवेत सुटी दिसत होती, आणि प्रत्येकीमागे पाण्याची बारीक शेपटी. डोळ्यांना हे कधीच दिसलं नव्हतं! "काखर फोटू खींचथस, नोनी?" त्याने छत्तीसगडीत विचारलं, कुणाचा फोटो काढतेस म्हणून. मी काठावर जाऊन त्याला दाखवला. त्याने फोटोतलं जाळं सोडून पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

सगळे म्हणतात, नोकरी सांभाळून हे जमायचं नाही. मला ते मुळीच पटत नाही. छायाचित्रकार राजा दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकले, १८६६ पासून इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि खर्चाचे अंदाज करत होते. १८७४च्या सुमाराला त्यांनी कॅमेरा हातात घेतला, महाराजा तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला, आणि तरीही नोकरी सुटली नाही, दहाएक वर्षं दोन्ही चाललं! त्या काळची फोटोची रसायन लावलेली ओली काच तर वाळायच्या आत धुवावी लागे, म्हणजे काळोखी खोली बरोबरच न्यायची. माझ्याकडे मेमरी कार्ड आहे आणि सकाळच्या पहिल्या मीटिंगच्या आधीचा कोवळा उजेड आहे, आणखी काय हवं?

शिवाय नोकरीतलं माझं काम कुणाला दाखवता येत नाही. सर्व्हर नीट चालला की माझं काम दिसेनासं होतं, तेच त्याचं यश. बाबांचं तसं नव्हतं. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होते, आणि २६० मीटर लांबीचा रूळ कुणालाही दिसतो. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते या कारखान्याची पहिली धमनभट्टी सुरू झाली. त्यानंतर कारखान्याच्या ओढीने माणसं येत गेली, त्यांतलंच आमचंही मराठी घर. परवा कोळ्याचा फोटो पाहून बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "हे पाणी तू थांबवलंस कसं गं?" मग मी त्यांना शटर समजावून सांगितलं, ते मला रोलिंग समजावत बसले, आणि जेवणं थंड झाली!

आता रविवारी देवबलोदा. कलचुरी काळातलं महादेवाचं देऊळ, भिंतींवर मूर्तींच्या रांगा. सकाळचं तिरपं ऊन दगडावर पडलं की कोरीवकाम उठून दिसणार, मग दुपारी ते सपाट होणार, म्हणून पहाटेच निघायचं. बाबाही येतायत, ट्रायपॉड त्यांनी आत्ताच दाराशी आणून ठेवलाय!