बंड्याचा व्यवसाय

यंदाची उन्हाळ्याची सुट्टी आमच्या बंड्याने कामावर जावे तशी घालवली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहा ते पावणेअकरा, असे सहा आठवडे. (बंड्या म्हणजे माझा नातू, लेकीचा मुलगा, वय वर्षे सहा. खरे नाव वेगळे आहे, पण ते इथे कशाला?) ने-आण करायचे काम माझ्याकडे होते. लेक-जावई नोकरीवर, आणि निवृत्त मास्तराला वेळच वेळ.

तर झाले असे, की मार्चमध्ये त्याच्या बालवाडीच्या बाईंनी लेकीला बोलावून घेतले. पोरगा हुशार आहे, गोष्टी रंगवून सांगतो. पण पेन्सिल धरायला मागत नाही, धरलीच तर टोक मोडेपर्यंत दाबतो. बसल्या बसल्या खुर्चीवरून घसरतो. शर्टाचे बटण लागत नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकून पळतो. बालरोगतज्ज्ञांनी डोळे, कान सगळे तपासून घेतले, ते ठीक निघाले, आणि चिठ्ठी दिली ऑक्युपेशनल थेरपीची.

मी विरोधात होतो, हे आधीच सांगून टाकतो. "आळस आहे, दुसरं काही नाही. रोज एक पान शुद्धलेखन घाला, आपोआप वळण लागेल," असे मी जेवताना म्हणालो. लेक काही बोलली नाही. हिने मात्र माझ्या वाटीत आमटी जरा जोरातच वाढली.

मराठी घेऊन बी.ए. केल्यामुळे माझे भांडण आधी शब्दाशी. मराठीत याला 'व्यवसायोपचार' म्हणतात. सहा वर्षांच्या पोराचा कसला आलाय व्यवसाय? पहिल्याच दिवशी थेरपिस्टबाईंना मी हे विचारले. वयाने त्या माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढ्या असतील. हसून म्हणाल्या, "आजोबा, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो तो त्याचा व्यवसाय. लहान मुलाचा खेळ." घरी येऊन शब्दकोश काढला. संस्कृतात व्यवसाय म्हणजे प्रयत्न, निश्चय. पैशाचा अर्थ मागाहून चिकटलेला. म्हणजे बाईंचेच बरोबर होते.

आणखी एक गोष्ट याच निमित्ताने कळली. माझी सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. फलटणच्या बनबिहारी निंबकरांचे नाव शेती आणि शेळ्यामेंढ्यांच्या कामामुळे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. पण त्यांच्या आई कमलाबाई निंबकर, जन्माने अमेरिकन, यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली, हे मला पंचाहत्तरीत कळावे! असो.

आता ती खोली. मला वाटले होते दवाखाना असेल. आत पाहतो तर जमिनीवर गाद्या, छताच्या कडीला टांगलेला फळीचा झोपाळा, माणूस मावेल एवढा रबरी चेंडू, कापडी बोगदा, तांदूळ-राजम्याने भरलेले घमेले आणि त्यात लपवलेल्या गोट्या. वहीचे नाव नाही. बंड्याचे पाय धरून त्याला हातांवर चालवायचे, कणकेच्या गोळ्यातून मणी काढायचे, दोरीला कपड्यांचे चिमटे लावायचे. चित्र काढायचे तेसुद्धा भिंतीवरच्या फळ्यावर, उभ्याने.

पहिल्या दिवशी झोपाळा पाहताच बंड्याने माझा सदरा घट्ट धरला आणि रडायला लागला. मला घाम फुटला. त्याचे कारण आहे. मागच्या वर्षी गावच्या यात्रेत मी त्याला बळेबळे आकाशपाळण्यात बसवले होते. "घाबरतोस काय मुलीसारखा!" असे वर म्हणालोही होतो. (मुलीसारखा! पस्तीस वर्षे मुलींना शिकवून ही अक्कल.) खाली उतरला तेव्हा त्याची चड्डी ओली होती आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. बाईंनी काय करावे? त्याला एक शब्द न बोलता झोपाळ्याचे दोर सोडून फळी इतकी खाली घेतली, की बसल्यावर पाय जमिनीला टेकावेत. मग स्वतःच त्यावर बसून मोजे नीट करत राहिल्या. तिसऱ्या खेपेला तो शेजारी जाऊन बसला. पाचव्या खेपेला त्याने स्वतःहून जमिनीवरून पाय उचलले. जेमतेम वीतभर.

नंतर त्यांनी समजावून सांगितले. पाच ज्ञानेंद्रिये आपण शिकवतो, पण आणखी दोन जाणिवा असतात. एक आतल्या कानात, तोल सांगणारी. दुसरी स्नायूंत आणि सांध्यांत, हात कुठे आहे आणि किती जोर लागतोय हे न बघता कळवणारी. काही मुलांना यांचे निरोप नीट पोचत नाहीत. पाय जमिनीवरून सुटले की कड्यावरून पडल्यासारखे वाटते. आपण पेन्सिल किती दाबतोय ते कळतच नाही. आणि खांदा, पाठ स्थिर नसतील तर बोटे मोकळी कशी होणार? अमेरिकेतल्या जीन आयर्स नावाच्या विदुषीने हा विचार मांडला, 1972 साली त्यावर पुस्तक लिहिले.

मी म्हणालो, "मग आमच्या वेळचे सागरगोटे, लगोरी, लंगडी, फुगड्या हेच की! त्याला फी कुठे होती?" तुम्हीही हेच म्हणाल. बाई म्हणाल्या, "खरंय आजोबा. बहुतेक मुलांना तेवढं पुरतं. पण तुमच्या लगोरीत ज्याला चेंडू झेलता यायचा नाही, त्याचं तुम्ही काय करायचात?"

काय करायचो? कच्चा लिंबू म्हणून बाजूला ठेवायचो.

त्या रात्री झोप लागली नाही. 1984 च्या सुमारास सहावीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चोख. वही मात्र बघवत नसे. कागद फाटेपर्यंत दाबलेली अक्षरे, घामाने ओला झालेला कोपरा. मी त्याला धडे पुन्हा पुन्हा लिहायला लावले. पट्टीही मारली, बोटांवर, उभी धरून. ज्या बोटांना आधीच काही कळत नव्हते त्यांवर. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. त्या वेळी मला कुणी हे सांगितले नव्हते हे खरे. पण घाम दिसत होता, तो तर कुणी सांगायला नको होता ना?

मी काही एकदम भक्त झालो नाही. वाचले तेव्हा कळले, की 2012 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितले आहे, या पद्धतीचे पुरावे अजून मर्यादित आहेत, पालकांना तसे स्पष्ट सांगा. मी तेही बाईंना विचारले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलेला कागद दाखवला. तीनच गोष्टी: बटण, चमच्याने आमटी-भात, आणि स्वतःच्या नावाची अक्षरे. सहा आठवड्यांत यात फरक नसेल तर मार्ग बदलायचा. मला हा हिशेब आवडला. फीचा हिशेब मात्र आवडला नाही. आमचे भागले. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांतून तपासणी होते, पुढे जिल्हा पातळीवर उपचार केंद्रांची सोय आहे. पण वाडीवरून एसटीने लेकरू घेऊन आठवड्यातून तीनदा यायचे, म्हणजे आईने त्या दिवसांची मजुरी सोडायची.

घरचा अभ्यास हिने अंगावर घेतला. लसूण सोलणे, देवाच्या वाती वळणे, कुरडयांचा सोऱ्या दोन्ही हातांनी फिरवणे, अर्धी बादली पाणी झाडांपर्यंत नेणे. चिकाला हात लावायला तो आधी तयार नव्हता. हिने एकच बोट बुडवायला सांगितले आणि चाटून दाखवले. त्या वर्षीच्या कुरडया वेड्यावाकड्या झाल्या, वाती तर पणतीत उभ्या राहत नाहीत. देवाची काही तक्रार आलेली नाही.

शेवटच्या दिवशी कागद पुन्हा काढला. पाच बटणांपैकी तीन लागली, त्यातले एक चुकीच्या काजात. आमटी-भात जमला. अक्षरे अजून दाबूनच निघतात, पण टोक मोडत नाही. मिक्सरला कान झाकतोच.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी चार दिवस त्याला घेऊन गावी गेलो. तो माझा विद्यार्थी आता पन्नाशीचा आहे, बाजारपेठेत त्याचे हार्डवेअरचे दुकान आहे. इतकी वर्षे मी समोरच्या बाजूने जात असे. या वेळी आत गेलो. "या सर," म्हणत तो उठून उभा राहिला, चहा सांगितला. बोलायचे म्हणून गेलो होतो, पण तोंडातून निघाले, "पाव किलो खिळे दे." घरात खिळ्यांचे काम काहीच नव्हते. बंड्या तोवर नटबोल्टच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मी ओरडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "असू द्या सर, खेळू द्या त्याला," आणि एक मोठा बोल्ट त्याच्या हातात दिला.

मग त्याने खिळे तोलले, हिशेब तोंडी केला, आणि बिलबुक मुलाकडे सरकवले.