नववीचं हसू

भूकंपाचा सराव असला की शाळेची घंटा लांबलचक वाजते. पाचवीची पोरं धडाधड बाकाखाली शिरतात, दप्तर डोक्यावर धरतात. एखादी तर डोळेही गच्च मिटून घेते. तीच मुलं नववीत गेली की घंटा ऐकून आधी एकमेकांकडे बघतात. कोण वाकतंय ते हेरायचं, खुसखुसायचं, सर ओरडले की जेमतेम गुडघे टेकायचे. माहिती कमी असते असं नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा पाठ असतो. आड येते ती लाज. पहिला पळाला तो भित्रा, आणि काही झालंच नाही तर वर्षभर चिडवणं ठरलेलं.

जपानमधल्या कामाइशी शहरात तोशिताका कातादा हे प्राध्यापक मुलांची नेमकी हीच लाज मोडत होते. नकाशावर विसंबू नका, सगळ्यांत आधी तुम्ही पळा. तुम्हाला पाहून बाकीचे निघतील, असं ते सांगत. 11 मार्च 2011च्या भूकंपात तिथल्या उनोसुमाई भागात वीज गेली, शाळेतून सूचना देणंही जमेना. धोक्याच्या नकाशात ही जागा त्सुनामीच्या पट्ट्याबाहेर दाखवलेली. तरी माध्यमिकची मुलं पळत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली चिल्लीपिल्ली तिसऱ्या मजल्यावर नेली होती. मोठ्यांना धावताना पाहून तीही खाली उतरली. मोठ्यांनी त्यांचे हात धरले. ठरल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून सगळे आणखी वर गेले. मागे दोन्ही शाळा बुडाल्या.

आपल्याकडे तो नकाशा बहुधा भिंतीवर असतो, जुन्या पुराच्या खुणेच्या रूपात. ‘2005ला आपल्या पायरीला पाणी लागलं नव्हतं,’ या भरवशावर सांगलीत 2019च्या ऑगस्टमध्ये कितीतरी माणसं घरातच थांबली. आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2005च्या खुणेच्याही वर. अशा घरात आजोबांना ‘चला’ म्हणायला नववीतल्या पोराला केवढा धीर लागेल! उद्धटच ठरायचा तो.

उनोसुमाईत प्राथमिकची मुलं खाली उतरली ती मोठ्यांकडे बघून. म्हणून सराव खरा वरच्या वर्गांचा घ्यायला हवा, आणि तोही सर वर्गात नसताना. मी पाहिलेल्या एका शाळेत मात्र दहावीला सरावातून सूटच होती. सराव परीक्षा तोंडावर आली होती ना!