अर्ध्या सेकंदाचे मौन

वडील गेल्यावर पंधरा दिवसांच्या आतच साताऱ्याच्या घराला कुलूप लावून आम्ही आमच्या मातोश्रींना बदलीच्या गावी, जयपुरास, घेऊन आलो. त्यांचे मन रमावे म्हणून दर रविवारी त्यांना मोटारीतून फिरावयास नेण्याचा आमचा परिपाठ असे. वाटेत रेडिओ चाले. मध्येच साताऱ्याहून मावशींचा फोन आला, की त्यांचा आवाजही त्याच स्पीकरांतून ऐकू येई.

परंतु रेडिओ थांबून फोन सुरू होताना स्पीकरांतून 'धप्प' असा दणका निघे. आम्हांस त्याची सवय झाली होती. मातोश्री मात्र दचकून छातीवर हात ठेवीत. एका रविवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी." त्या दिवशी तो दणका आम्हांस प्रथमच खऱ्या अर्थाने ऐकू आला.

स्पीकर फाटले असावेत, असे निदान घेऊन आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलो. त्याने स्पीकरांना हातही लावला नाही. तो म्हणाला, मोटारीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अशा अँप्लिफायरमधून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा, गाणे नसतानाही, सुमारे 6 व्होल्टवर उभ्या असतात. दोन्ही सारख्या असतात म्हणून स्पीकर स्वस्थ राहतो. रेडिओवरून फोनवर जाताना मात्र आतले कपॅसिटर नव्या पातळीला भरू लागतात. ते भरण्यापूर्वीच आवाज सोडला, तर अँप्लिफायर ती हालचालही गाण्यासारखीच मोठी करतो आणि स्पीकरचा पडदा हिसका खातो. यासाठीच 'म्यूट'ची स्वतंत्र तार असते. आधी मौन, मग बदल, मग थोडे थांबणे, आणि शेवटी आवाज, असा तो क्रम.

मग त्याने ती तार अर्थला टेकवून धरली, रेडिओवरून फोनवर गेला, क्षणभर थांबला आणि तार सोडली. स्पीकर शांत! अँप्लिफायर निर्दोष होता. मौनच लवकर सुटत होते. 47 किलोओहमचा रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांनी मिळून ते सुमारे अर्धा सेकंद धरावयाचे. पण उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या तापाने त्या कपॅसिटरमधला द्रव सुकून गेला होता. काही रुपयांचा नवा कपॅसिटर बसविताच दणका नाहीसा झाला.

परतताना आम्ही ओशाळलो होतो. बदली झालेल्या माणसाला सरकारसुद्धा रुजू होण्यास काही दिवसांची मुदत देते. आम्हांसही ती मिळाली होती, आणि आम्ही ती सामान बांधण्यात घालविली. चाळीस वर्षांचा संसार मागे ठेवून आलेल्या मातोश्रींना मात्र आम्ही एक दिवसही दिला नव्हता. दु:ख अजून तळाशी बसले नव्हते, तोच आम्ही त्यांना आमेरचा किल्ला दाखवीत होतो.

पुढच्या रविवारी त्या आल्या. फोन वाजला, गाणे थांबले, किंचित शांतता झाली आणि मावशींचा आवाज आला. त्या दचकल्या नाहीत. बोलणे संपल्यावर आम्ही विचारले, "आई, महिनाभर साताऱ्याला राहून यायचे का?" त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. आम्हीही ते मागितले नाही. रेडिओ बंद करून सावकाश मोटार चालवीत राहिलो.