गवताचा काटा

मला चिकू आवडत नाही. घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात हे मोठ्याने बोलायची सोय नाही. २०१६ मध्ये इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून चिकूच्या चकत्या, चिकूचं लोणचं, चिकूचं आइस्क्रीम असं सगळं पाहुण्याने चाखलंच पाहिजे असा दंडक दिसतो. समुद्राचंही मला फार अप्रूप नाही. सुरूच्या झाडांखाली स्पीकर लावून बसलेली मंडळी दिसली की मी सायकलचं तोंड फिरवतो. त्यामुळे डहाणूला उतरलो की माझी चाकं रूळ ओलांडून पूर्वेला वळतात.

तिकडे दिवाळीनंतर वेगळाच मुलूख असतो. पावसाळ्यात या टेकड्यांवर धो धो कोसळतं; पण नोव्हेंबर सरता सरता ओढे आटतात, गवत पिवळं पडतं आणि मुरमाच्या वाटा टणक होतात. पाड्यांना जोडणाऱ्या बैलवाटा, सूर्या प्रकल्पाच्या कालव्याकाठची वाट, सागाच्या जंगलातले रस्ते. तासन्‌तास मोटार दिसत नाही. शहरात हल्ली जिला ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात ती सायकल मी याच वाटांसाठी घेतली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद आणि बिनट्यूबचे. आत एक चिकट द्राव असतो. बाभळीचा काटा शिरला तरी तो भोक आपलं आपण बुजवतो. डांबरावर ही सायकल कंटाळवाणी वाटते. मुरमावर आली की तिला कंठ फुटतो, टायरखाली सतत चरचर चालू राहते, आणि मला दुसरं संगीत लागत नाही.

बारडाच्या डोंगरावर बहरोटच्या गुहा आहेत. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी तिथे बारा वर्षं लपवून जपला, अशी त्यांची परंपरा सांगते. मी डोंगर खालूनच पाहिला. खांद्यावर सायकल घेऊन चढण्याइतकं इतिहासप्रेम माझ्यात नाही. धुंदलवाडीला चहा घेतला. २०१८ च्या नोव्हेंबरपासून ज्या भागात जमीन पुन्हा पुन्हा हादरत राहिली, तो हा भाग. टपरीवाल्याला त्याबद्दल विचारायचं टाळलं. तेच विचारणारे त्याला पुष्कळ भेटले असणार. पुढे बुलेट ट्रेनच्या खांबांजवळ धूळ फार होती.

मग महामार्ग मागे टाकून तलासरीच्या पूर्वेला, उधव्याच्या रस्त्यापासून आत शिरलो आणि गवताच्या गंजीपाशी अडकलो.

माळावर गवत कापून ढीग लावले होते. तीन बांबू वर एकत्र बांधून त्यांना काटा टांगलेला. डोक्यावर भारे घेऊन बाया येत होत्या, भारा आकड्याला लागत होता, मुकादम वजन पुकारत होता आणि शाळकरी वयाचा एक मुलगा वहीत लिहीत होता. हे गवत गासड्या बांधून ट्रकने मुंबईकडच्या तबेल्यांना जातं.

“शेठ, थांबा जरा,” मुकादमाने हाक मारली. कुणी मला शेठ म्हटलं की अवघडायला होतं, आणि या भागात तर जास्तच.

“केवढ्याची?”

“पंधरा हजार.” खरी किंमत मी घरीही सांगितलेली नाही.

“आणि वजन?”

“दहा किलोच्या आसपास.”

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. दिवसभर वजन करणाऱ्या माणसाला ‘आसपास’ म्हटलेलं आवडत नसावं. पुढच्या क्षणी माझी सायकल नळीत दोर अडकवून काट्याला लटकत होती आणि भारे टाकून सगळ्या बाया भोवती जमल्या होत्या. “दहा सातशे!” मुकादमाने पुकारलं. मुलाने सवयीने ते वहीतही लिहिलं. मग जीभ चावून खोडलं.

एक आजी पुढे आल्या. त्यांनी सायकल सगळीकडून चाचपली.

“कॅरिअर?”

“नाही, आजी.”

“स्टँड?”

“नाही.”

“मग पाणी कशावर आणता?”

मी पाण्याची बाटली दाखवली. त्यावर बाया एवढ्या हसल्या की मुकादमालाही हसू आवरेना. घंटी तेवढी होती. आजींनी ती वाजवून पाहिली आणि ‘एवढं तरी आहे’ अशी मान हलवली. मग त्यांचा भारा काट्याला लागला. छत्तीस किलो.

मी मुकादमाला कापणीचा भाव विचारला. त्याने वाऱ्याची दिशा पाहिली आणि ट्रक अजून कसा आला नाही, हा विषय काढला.

आजींनी जेवायला बसवलं. नागलीची भाकर, सुकटीची चटणी, कच्चा कांदा. सकाळपासून पोटात नुसता चहा होता, हे खरं. पण भरल्या पोटीही ती भाकर मी सोडली नसती. नागली खरपूस भाजलेली होती आणि चटणीने नाकाडोळ्यांत पाणी आणलं. समुद्राकडून इथवर यावं असं एकच काही मला पटतं, ते म्हणजे सुकट.

खाता खाता डोक्यात हिशेब सुरू झाला. गोदावरी परुळेकरांचं वारली आदिवासींच्या लढ्यावरचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी फार पूर्वी वाचलं होतं. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली वेठबिगारी आणि लग्नगडी लक्षात राहिले होते. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोने सावकाराकडे राबायचं. गवताकडे मात्र माझं लक्ष गेलं नव्हतं. मे १९४५ मध्ये याच तालुक्यातल्या झरीला वारल्यांनी वेठ नाकारायचं ठरवलं. त्याच साली कापणीच्या हंगामात संप झाला तो या गवतावरून. मागणी होती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते.

पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या वर. आजींच्या भाऱ्यासारखे सहा भारे आणि वर थोडं. माझ्या सायकलीत मोजलं तर एकवीस सायकली. पुस्तकात तो आकडा मी सहज ओलांडून गेलो असणार. इथे काटा समोर लटकत होता आणि आजी मान चोळत बसल्या होत्या.

“आजी, दिवसाला किती भारे होतात?”

“अंगात असेल तेवढे,” त्या म्हणाल्या आणि दुसरी भाकर वाढली.

एवढ्यात वहीवाला मुलगा सायकलला हात लावून उभा. तोंडाने मागत नव्हता, पण एक पाय पेडलवर होता. “ने,” म्हटलं. त्याचा पाय जमिनीला धड टेकत नव्हता. गिअर कसे बदलायचे ते सांगेपर्यंत तो माळाच्या कडेला पोचला आणि उतारावरून दिसेनासा झाला. आता वहीत मुकादमच लिहू लागला, पुटपुटत.

बराच वेळ झाला. मी तिसरी भाकर घेतली, ती थोडी काळजीनेच. आजी म्हणाल्या, “येईल. खाली ओढा आहे, त्याच्यापुढं कुठं जातो?”

आला तेव्हा घामाघूम. चिखल पोटऱ्यांपर्यंत, म्हणजे ओढा त्याने ओलांडला होता. त्याने सायकल आडवी न टाकता गंजीला नीट टेकवून ठेवली.

“कशी आहे?” मी विचारलं.

“ब्रेक एक नंबर,” तो म्हणाला. मग थोडा थांबून, व्यवहारी माणसासारखा: “सीट बेकार आहे. पंधरा हजार जास्त झाले.”