आधी गाडीला विचार

विलो रनच्या कारखान्यात तीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुळवलेल्या एका माणसाची मी देणेकरी आहे. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात ते माझे शेजारी होते. घरी पत्र लिहिताना मी त्यांचा उल्लेख ‘शेजारचे आजोबा’ असा करायचे. लालबागच्या आमच्या चाळीत तेच नाव रुळलं, म्हणून इथेही तेच ठेवते. त्यांनी माझी एक जुनी गाडी दुरुस्त केली, हा उपकार लहान नव्हताच. पण दोष शोधायचा कसा आणि पुरावा हाती येईपर्यंत कोणालाच दोषी धरायचं नाही, हे त्यांनी शिकवलं. त्या शिदोरीवर माझा पुढचा सगळा संसार आणि नोकरी चालली.

1991 मध्ये मी रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथे गेले. मिशिगनमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. त्यातून अभ्यासक्रमाचा भाग म्हणून डिअरबॉर्नच्या एका प्रयोगशाळेत जावं लागे, म्हणजे आय-94 महामार्ग रोजचा. साठवलेल्या पैशांतून एक जुनी ऑटोमॅटिक सेदान घेतली. ऐंशीच्या दशकातली, तीन गिअरची, डेट्रॉईटच्याच एका कंपनीची. काही आठवडे ती निमूट चालली, मग तिने रंग दाखवायला सुरुवात केली. महामार्गावरून उतरून पहिल्या सिग्नलला थांबले की गाडी थरथरायची आणि इंजिन बंद पडायचं. किल्ली फिरवली की लगेच सुरू. मागच्या गाड्यांचे भोंगे, बाहेर बर्फ, आणि माझ्या पोटात गोळा.

एका गॅरेजवाल्याने प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्याने इंजेक्टरवर बोट ठेवलं. तिसऱ्याने गाडीखाली न वाकताच इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही संपल्याचं सांगितलं आणि गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा आकडा कागदावर लिहून दिला. तो कागद हातात घेऊन मी घराच्या पायऱ्यांवर बसले होते, तेव्हा आजोबा कुंपणापाशी आले. त्यांनी कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, “पोरी, यांनी गाडीला काही विचारलेलंच दिसत नाही.”

त्यांचे प्रश्न साधे होते. बंद पडते ती सकाळी थंड असताना की तापल्यावर? गावातल्या गावात फिरलीस तर पडते का? महामार्गावर किती वेळ धावल्यावर? बंद पडण्याआधी धाप लागल्यासारखी होते की एकदम झटका बसतो? त्यांनी मला एक वही करायला लावली. हवा, वेग, इंजिन किती तापलं आणि काय झालं, एवढंच त्यात लिहायचं. आपलं मत लिहायचं नाही. वहीत हळूहळू एक गोष्ट उभी राहिली: थंड गाडी कधीच बंद पडत नाही, गावातही पडत नाही. तापलेली गाडी महामार्गावर एका वेगाने धावून आली, तरच थांबताना मरते.

मग त्यांनी तपासणीचा क्रम लावला. ज्याला पैसे लागत नाहीत ते पहिलं, ज्याला गाडी उघडावी लागते ते शेवटी. सुरुवात गिअर ऑइलपासून. सपाट जागा, इंजिन तापलेलं आणि चालू. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवून पार्कवर आणायचा, मग मापपट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून पुन्हा काढायची. पट्टीवरचा थेंब त्यांनी पांढऱ्या कागदावर टेकवला आणि मला नाकाजवळ धरायला सांगितला. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी पडून जळका वास आला तर आतले क्लच जळताहेत. दुधाळ गुलाबी झालं तर रेडिएटरमधलं पाणी गिअरबॉक्समध्ये शिरलं आहे. आमचा थेंब लालच निघाला. “हा काही मेलेला गिअरबॉक्स नाही,” ते म्हणाले.

पुढची पाळी इंजिनाची. त्यांनी व्हॅक्यूम मोजायचं घड्याळ एका नळीला जोडलं. धडधाकट इंजिन सावकाश चालत असताना काटा साधारण 17 ते 21 इंचांच्या मध्ये स्थिर राहतो. झडप गळत असेल किंवा एखादी रबरी नळी तडकली असेल, तर तो पडतो नाहीतर थरथरतो. आमचा काटा जागचा हलला नाही. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून त्यांनी मला ऐकायला लावलं.

तेव्हा मला माझे दादा आठवले. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साच्यांच्या गोंगाटात आपला साचा बिघडतोय हे त्यांना आवाजावरून कळायचं. मी आजोबांना हे सांगितलं. त्यावर ते नुसते हसले, आणि त्या दिवसापासून बोलताना आखडते राहिले नाहीत.

त्यांचं कुटुंब केंटकीच्या डोंगराळ भागातून कामाच्या शोधात आलेलं, जसे आमचे आजोबा कोकणातून परळला आले. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने विलो रनला बी-24 बॉम्बर विमानांचा प्रचंड कारखाना उभारला. भरात असताना तिथून तासाला साधारण एक विमान बाहेर पडे, आणि रिव्हेट मारणाऱ्यांत हजारो बायका होत्या. त्यांची आई त्यांतलीच. मुलीच्या हातात पाना पाहून गल्लीतल्या काहींच्या भुवया उंचावायच्या, आजोबांच्या कधीच नाही. युद्धानंतर काही वर्षांनी, 12 ऑगस्ट 1953 ला, जनरल मोटर्सचा लिव्होनियातला हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत खाक झाला. 1940 सालच्या ओल्ड्समोबिलपासून ज्या गिअरबॉक्सने ऑटोमॅटिक गाडी सामान्य घरात पोचवली, त्याचं उत्पादन तेव्हा विलो रनला हलवण्यात आलं. आजोबा तिथे लागले ते त्यानंतर लवकरच.

इंजिन बरं आहे आणि ऑइलही चांगलं आहे, मग गाडी मरते का? हे समजावण्यासाठी त्यांनी घरातले दोन चौकोनी पंखे ओसरीवर समोरासमोर मांडले. एकाच पंख्याची वायर लावली. तो फिरू लागला आणि थोड्या वेळाने दुसराही, वीज नसताना, वाऱ्याच्या झोताने फिरायला लागला. दुसऱ्याची पाती त्यांनी एका काठीने अडवून धरली. पहिला तरीही फिरत राहिला. “टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच. हवेच्या जागी तेल घाल. म्हणून सिग्नलला चाकं थांबतात आणि इंजिन चालू राहतं.” पण तेलातून ताकद देताना थोडी निसटतेच, आणि तेवढं पेट्रोल वाया जातं. 1973 च्या तेलसंकटानंतर कंपन्यांनी त्यावर उपाय म्हणून लॉक-अप क्लच सर्रास वापरात आणला. गाडी तापून महामार्गावर स्थिर वेगाने धावू लागली की एका सोलेनॉइडला वीज मिळते, तो तेलाची वाट बदलतो आणि दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतात. ब्रेकला पाय लागला की वीज तुटते आणि पकड सुटते. सोलेनॉइड अडकला तर मात्र पकड सुटत नाही. क्लच न दाबता साधी गाडी थांबवल्यावर जे होतं, तेच मग ऑटोमॅटिक गाडीचंही होतं.

वहीतला प्रत्येक शब्द आता जागेवर बसत होता. तरी आजोबांनी निकाल दिला नाही. आधी महामार्गावर जाऊन आलो. उतारावरून खाली येताना त्यांनी मला थांबण्याआधी लिव्हर न्यूट्रलला घ्यायला सांगितलं. इंजिन शांतपणे चालू राहिलं. मग गिअरबॉक्सला जाणाऱ्या तारेचा जोड त्यांनी उपटला, म्हणजे सोलेनॉइडला वीजच मिळू नये. पुन्हा महामार्ग, पुन्हा तोच सिग्नल. या वेळी लिव्हर डी वरच ठेवला. गाडी थांबली आणि चालू राहिली. इंजिनावर एवढे पैसे ओतले, ते पहिल्यापासून निर्दोष होतं. गिअरबॉक्सही मेला नव्हता. अंगठ्याएवढा एक भाग आत अडकून बसला होता.

दुरुस्ती त्यांच्या अंगणात झाली. तेल काढून गिअरबॉक्सच्या बाजूचं झाकण उघडायच्या आधी त्यांनी खाली धुतलेली चादर अंथरली. चिंधी वापरायची तर सुती पण धागे न सुटणारी, कारण तेलाच्या त्या बारीक वाटांत एक धागा शिरला तरी नवं दुखणं सुरू होतं. प्रत्येक बोल्ट निघाला तसा पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून त्या-त्या जागी खोवून ठेवला. नवा सोलेनॉइड, नवं गॅस्केट, नवं तेल. सगळ्याचे मिळून आठवड्याच्या वाणसामानाएवढे पैसे झाले. त्यांची मजुरी विचारली तर म्हणाले, “पुढच्या गाडीला मदतीला ये.”

त्या हिवाळ्यात गावावर मळभ होतं. फेब्रुवारी 1992 मध्ये जनरल मोटर्सने विलो रनचा शेजारचा गाड्या जुळवायचा कारखाना बंद करून काम टेक्सासला नेण्याचं जाहीर केलं. टाउनशिपने दावा लावला आणि 1993 मध्ये स्थानिक न्यायालयात जिंकलाही. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि कारखाना बंद झाला. आजोबांना स्वतःला झळ नव्हती. 1970 मध्ये कामगारांनी 67 दिवस संप केला होता, आणि त्यातून तीस वर्षांच्या नोकरीवर पेन्शनचा हक्क मिळवला होता. आमच्या दादांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांचं आयुष्य त्यात गेलं. आजोबांनी त्या संपाबद्दल खोदून खोदून विचारलं: पगार किती होता, मागणी काय होती, घर कसं चालवलंत. तिथल्या कोणीच मला हे कधी विचारलं नव्हतं. आईने खानावळ चालवल्याचं मी सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले की तुझ्या आईला माझा नमस्कार कळव. मी कळवला. आईने उलटटपाली त्यांची खुशाली विचारली, आणि पुढे प्रत्येक पत्रात विचारत राहिली.

पुढच्या गाडीला मी गेले, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा मंडळाच्या गणपतीत भेटलेला कोल्हापूरचा एक मुलगा थंडीत गाडी घेऊन दारात आला. “ताई, वरचा गिअर पडतच नाही. इंजिन नुसतं ओरडतं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणतात.” आजोबा ओसरीवर बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे प्रश्न मी विचारायचे.

“गाडीतला हीटर कसा आहे?” मी विचारलं.

“कोमट. कितीही चालवली तरी कोमटच.”

इंजिनचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असणार. पाणी तापत नव्हतं. त्यामुळे गाडीच्या संगणकाला इंजिन थंडच वाटत होतं, आणि थंड इंजिनाला तो वरचा गिअर देत नव्हता. माझ्या गाडीत गिअरबॉक्सचं पाप इंजिनाच्या माथी मारलं गेलं होतं, इथे नेमकं उलट. थर्मोस्टॅट बदलला, हीटर गरम झाला, आणि गिअर मुकाट्याने पडू लागला. आजोबा खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलं आहे.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. विलो रनचा गिअरबॉक्सचा कारखानाही 2010 मध्ये बंद पडला. त्याचा थोडा भाग विमानांच्या संग्रहालयासाठी वाचवला गेला, बाकीचा पाडला. त्या जागेवर आता चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची चाचणी होते. मी पुढे प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. एखादा प्रयोग फसला की हाताखालच्या मुलांना मी आधी वही मागते: कधी फसला, तापल्यावर की थंड असताना, एकट्यात की इतर काही चालू असताना. घरात कोणी रुसलं, कोणाचं बिनसलं, तरी मनात आधी हेच प्रश्न येतात, आणि त्यामुळे कितीतरी माणसांवर मी करणार होते तो अन्याय टळला आहे.

जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी सांगते: गिअरबॉक्स उतरवायच्या कागदावर सही करण्याआधी तेलाचा रंग बघा, वास घ्या. नळ्या आणि तारांचे जोड तपासा, हीटर तापतो का ते पाहा, आणि दोष केव्हा दिसतो ते आठवडाभर लिहून काढा. आणि हे सांगताना दर वेळी पुढे जोडते की, ही विद्या माझी नाही, इप्सिलँटीच्या एका कामगाराची आहे. त्याने ती मला फुकट दिली, म्हणून मीही ती फुकटच देते.